घरातली निशाणी

“मत कुणाला टाकलं?” असं गावाकडं विचारलं तर पक्षाचं नाव क्वचितच ऐकू येतं. “घड्याळाला.” “बाणाला.” “हाताला.” “कमळाला.” उमेदवार कोण, जाहीरनाम्यात काय, हे सगळं नंतरचं. मत पडतं ते निशाणीला. घरातलं पोर अक्षरं गिरवायच्या आधीपासून ही उत्तरं ऐकत असतं. प्रचाराच्या रिक्षामागं धावून ते बिल्ले गोळा करतं, आणि त्यातला कुठला बिल्ला छातीवर लावून घरात आलेलं चालतं, कुठला पाहून चुलता डोळे वटारतो, हे त्याला दोन दिवसांत कळतं. त्या वयात याला कुणी राजकारण म्हणत नाही. आपलं आडनाव, आपली आळी, आपलं कुलदैवत, तशी आपली निशाणी.

पक्षनिष्ठा घरातून येते हे सगळेच म्हणतात. पण घरातून नक्की काय येतं? विचार येतात असं मानायची पद्धत आहे, आणि माझ्या मते ती बरीचशी चूक आहे. अमेरिकेत केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड निमी या दोघा अभ्यासकांनी 1965 साली शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या 1,669 मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या आईला किंवा वडलांनाही वेगळं गाठून प्रश्न विचारले. वेगळं गाठण्याला महत्त्व आहे, कारण “तुझे वडील कुठल्या पक्षाचे?” असं पोरालाच विचारलं तर ते बऱ्याचदा स्वतःचं उत्तर वडलांच्या तोंडी घालतं. त्यांना दिसलं ते असं, की पक्ष बऱ्यापैकी उतरलेला होता आणि वेगवेगळ्या प्रश्नांवरची मतं जेमतेम. वडलांचा पक्ष मुलाचा झाला होता, वडलांची कारणं मात्र वडलांपाशीच राहिली होती.

आपल्याकडं हे आणखी ठळक आहे. आपलं घर पुढच्या पिढीच्या हाती तीनपैकी एक गोष्ट ठेवतं: निशाणी, माणूस किंवा बाजू. बाजू म्हणजे गावातला गट, भावकीतला तट, “आपल्याकडचे” आणि “तिकडचे”. एरवी ही तिन्ही एकाच बटणावर असतात, त्यामुळं आपल्या घरानं यातलं नक्की काय दिलं हे चाळीस-चाळीस वर्षं कळत नाही. पक्ष फुटला की कळतं.

बाजूपासून सुरुवात करू, कारण खेड्यातल्या पोराला ती सगळ्यात आधी दिसते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तिथं पॅनेल असतं. वर पक्षांची नावं बदलत राहतात, खाली गावात पॅनेलं बहुधा दोनच, आणि त्यांची मुळं बांधाच्या भांडणात, पाण्याच्या पाळीत, सोसायटीच्या चेअरमनपदात किंवा आजोबांच्या काळातल्या एखाद्या मोडलेल्या सोयरिकीत सापडतात. एका पॅनेलनं तालुक्यातल्या एका नेत्याचा हात धरला की दुसऱ्याला त्याच्या विरोधकाकडं जावंच लागतं. म्हणजे “आमचं घर काँग्रेसचं” याचा खरा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की समोरच्या आळीतले काँग्रेसचे नव्हते. उद्या समोरची आळी तिकडं गेली तर हे घर विनातक्रार इकडं येतं आणि त्याला आपण निष्ठा बदलली असं वाटतही नाही. त्याच्या हिशोबानं ते होतं तिथंच आहे.

कार्यकर्त्यांना हे पक्कं माहीत असतं. त्यांचा हिशोब माणसांवर चालत नाही, घरावर चालतो: “त्या घरात सात मतं.” मतदारयादीच्या एका पानावर तीस नावं येतात, तीन रकान्यांत दहा-दहा. प्रत्येक नावाखाली वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय. ही पानं घेऊन दोन-तीन अनुभवी माणसं एका संध्याकाळी बसतात आणि एकेका घराला खूण करतात: आपलं, तिकडचं, काठावरचं. आपल्या घरात प्रचार करत नाहीत, फक्त पुण्या-मुंबईला गेलेली पोरं मतदानाला येणार का आणि गाडी लागेल का, एवढं पाहतात. तिकडच्या घरात जातच नाहीत. सगळा वेळ काठावरच्यांवर. घरातल्या अठरा वर्षांच्या मुलीला कुणी “तुझं काय मत?” असं विचारलेलंच नसतं, तिची खूण तिच्या बापाच्या नावापुढं झालेली असते. आदल्या दिवशी मतदानाच्या चिठ्ठ्या येतात त्याही अख्ख्या घराच्या एकत्र, एका टाचणीत. तिचा मतदार नोंदणीचा 6 नंबरचा फॉर्मसुद्धा पुष्कळदा पॅनेलमधल्याच कुणीतरी भरून दिलेला असतो. आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, आणि सतराव्या वर्षी आगाऊ अर्जही करता येतो. त्यामुळं हा पहिला संबंध आणखी लवकर जुळतो.

यात मतदानयंत्राचा वाटा आहे, त्याकडं कमी लक्ष जातं. मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीच्या वेळी वेगवेगळ्या केंद्रांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत. यंत्रात केंद्रनिहाय आकडा उघडा पडतो. “तुमच्या शाळेच्या खोलीत आपल्याला किती पडली?” हा प्रश्न निकालानंतर आठवडाभर गावात फिरतो. हजार-बाराशे मतांच्या केंद्रात कुठल्या वस्तीनं काय केलं हे जवळपास कळतंच, आणि वस्तीला ते कळणार आहे हे घरातला कर्ता जाणून असतो. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ वापरावं अशी शिफारस विधी आयोगानं 2015 साली केली होती. ती अमलात आली नाही.

पश्चिम महाराष्ट्रात याच बाजूला साखर कारखान्याची जोड मिळाली. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरानगरचा कारखाना 1950 साली सुरू झाला, आणि त्या वाटेनं पुढं जिल्ह्याजिल्ह्यांत कारखाने निघाले. सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. शेअर वारसाला जातो, बहुधा थोरल्या मुलाला. शेअरबरोबर कारखान्याच्या निवडणुकीतलं मत जातं, आणि मताबरोबर पॅनेल.

पण निष्ठेची खरी कळ असते ऊसतोडीच्या चिठ्ठीत, म्हणजे कारखान्यानं तोडीची पाळी दिल्याच्या कागदात. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावतात, तो सोळा-अठरा महिन्यांनी तुटायला येतो. तोड वेळेवर आली तर ठीक. लांबली, उसाला तुरा आला की आतून पोकळ पडत जातो, वजन घटतं आणि पुढच्या पिकाचं रानही अडकून बसतं. तोड कधी द्यायची हे लागणीच्या नोंदीच्या तारखेवर ठरावं असा नियम, प्रत्यक्षात या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय आणि कारखान्याच्या गटऑफिसातला माणूस यांच्या हातात थोडी फिरवाफिरव असतेच. बाप रोज संध्याकाळी फोन लावतोय, पलीकडून “बघतो, दोन दिवसांत टोळी पाठवतो” असं उत्तर येतंय, आणि शेजारच्या, तिकडच्या, रानातला ऊस आधी तुटून गेलाय किंवा तुटायचा राहिलाय, हे पाहत वाढलेल्या पोराला पक्ष म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. उलटही खरं आहे. एकाच भागात तीन-चार कारखाने ऊस मागायला लागले, त्यातले दोन खासगी असले, की चिठ्ठीची किंमत उतरते आणि बापाच्या पॅनेलचा धाक मुलाला उरत नाही. मुलगा गुऱ्हाळाला ऊस घालतो आणि मत कुणालाही देतो. कारखानदारीच्या पट्ट्यातल्या निष्ठा गेल्या वीस वर्षांत सैल झाल्या त्याचं श्रेय लोक टीव्हीला आणि मोबाईलला देतात. मी निदान अर्धं तरी या खासगी कारखान्यांच्या काट्यांना देईन.

याच मुद्द्याचं छोटं रूप म्हणजे फोन. विजेची डीपी जळली, आईला दवाखान्यात खाट पाहिजे, उत्पन्नाचा दाखला अडला, अशा वेळी घरातून पहिला फोन कुणाला जातो? घरातला पक्ष ओळखायला याहून सरळ प्रश्न माझ्या पाहण्यात नाही. त्या फोनची परतफेड लग्नाच्या मांडवात आणि दशक्रियेच्या घाटावर होते. पुणे-नगर भागात दहाव्याला नेतेमंडळी येऊन माइकवर दोन शब्द बोलतात. कोण आलं, कोण आलं नाही आणि कुणी नुसता माणूस पाठवला, हे घर वर्षानुवर्षं विसरत नाही. आजोबांच्या दहाव्याला उन्हात उभा राहिलेला माणूस नातवाच्या मतात पुढं वीस वर्षं उभा असतो.

हीच वाट ‘माणूस’ या दुसऱ्या वारशाकडं जाते. सांगोल्याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. गणपतराव देशमुख, लोकांचे आबासाहेब, 1962 साली पहिल्यांदा निवडून आले आणि 1972 व 1995 हे दोन पराभव सोडता एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार झाले, तेही शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे राज्यात आटत गेलेल्या पक्षाकडून. सांगोल्यात तीन पिढ्या एका पक्षाच्या राहिल्या. त्या पक्षाच्या होत्या की आबासाहेबांच्या, हे 2019 मध्ये थोडं दिसलं. ते उभे नव्हते, नातू अनिकेत देशमुख उभे होते आणि 768 मतांनी हरले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. माणसाचा वारसा रक्तानं पुढं सरकतो, पण पहिल्या झटक्यात पूर्ण सरकत नाही, काही मतं वाटेत सांडतात. राहात्याकडं पाहिलं तर याचं दुसरं टोक दिसेल. विखे घराणं काँग्रेसमधून शिवसेनेत गेलं, परत काँग्रेसमध्ये आलं आणि 2019 ला भाजपमध्ये गेलं. भागातली पुष्कळ घरं तेवढ्या वेळा बटण बदलून तिथंच राहिली. त्यांना पक्षबदलू म्हणणं मला चूक वाटतं, त्यांनी काहीच बदललेलं नाही.

मुंबईची गोष्ट निराळी, कारण तिथं बापाचा पक्ष मुलाने एका पिढीत सोडला आणि तोही हजारो खोल्यांतून. लालबाग-परळ हा लाल बावट्याचा मुलूख. गिरणी कामगार युनियन 1928 पासूनची. 5 जून 1970 ला तिथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले. हा शिवसेनेचा पहिला आमदार. एका खुनानं आणि एका निवडणुकीनं घरं बदलत नाहीत, ती आधीच बदलायला लागली होती. माझ्या मते कारण अगदी साधं आहे: युनियन गिरणीच्या गेटावर होती आणि शाखा गल्लीच्या नाक्यावर. बापाचे आठ तास गेटाच्या आत जात. मुलाला गिरणीत बदली कामगार म्हणूनसुद्धा शिरकाव नव्हता, तो नाक्यावर होता. तिथं बाकडं, वर्तमानपत्र लिहिलेला फळा, गणपतीची वर्गणी, दहीहंडी, वह्यावाटप, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका. पाणी आलं नाही तर शाखाप्रमुख, शाळेत प्रवेश मिळाला नाही तर शाखाप्रमुख. बापाची निष्ठा पगाराशी बांधलेली, मुलाची संध्याकाळशी. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या कधी चालल्याच नाहीत, तेव्हा बापाची बांधलेली दोरीच सुटली. घराचा वारसा तुटायचा असेल तर असा तुटतो. कुणी वाद घालून बापाला हरवत नाही. मुलगा संध्याकाळ दुसरीकडं काढायला लागतो, एवढंच होतं.

शाखा हा शब्द संघाचाही, आणि परगावच्या माणसाचा इथं नेहमी घोटाळा होतो. संघाची शाखा मैदानावर, रोज तासभर, खेळ आणि प्रार्थना. तिथं निवडणुकीचा शब्द न काढता वर्षं जातात. तरी त्या घरांचा पक्ष सहसा बदलला नाही, आणि गंमत अशी की निशाणी दोनदा बदलली: जनसंघाचा दिवा, 1977 ला चक्रातला नांगरधारी शेतकरी, 1980 पासून कमळ. घरांना धक्का बसला नाही, कारण वारसा निशाणीचा नव्हताच, मैदानाचा होता.

याच्याशेजारी समाजवादी घरं ठेवून पाहावीत. त्यांच्याकडंही राष्ट्र सेवा दल होतं, 1941 पासूनचं, एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख. शाखा होत्या, कलापथकं होती, साने गुरुजी होते. पोरांवर झालेले संस्कार कमी तर अजिबात नव्हते, उलट विचार खऱ्या अर्थानं ज्या थोड्या घरांतून उतरले त्यांत ही घरं येतात. आंतरजातीय लग्नं, नोंदणी विवाह, हुंडा न घेणं, या गोष्टी तिथं तिसऱ्या पिढीतही दिसतात. पण पक्ष? 1977 ला समाजवादी पक्ष जनता पक्षात विरघळला. जनता पक्षात राहून संघाचंही सदस्य राहता येतं का, या दुहेरी सदस्यत्वाच्या वादावरून एप्रिल 1980 मध्ये जनसंघाची मंडळी बाहेर पडली ती एकगठ्ठा, तयार संघटना बरोबर घेऊन. समाजवादी बाहेर पडले ते तुकड्यातुकड्यांनी. मग त्या घरातल्या एका नातवानं काँग्रेसला मत दिलं, दुसऱ्यानं आम आदमी पक्षाला, तिसऱ्यानं नोटाला, आणि दिवाळीला तिघं एकत्र बसून एकमेकांना ‘तू सेवा दलात काय शिकलास’ असं विचारतात. नुसता विचार उतरला आणि त्याला टांगायला खुंटी नसली की असं होतं.

आंबेडकरी घरांत आणखी एक प्रकार. तिथं खुंटी पक्की आहे, पक्ष मात्र सतत हलतो. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, ऑक्टोबर 1957 मध्ये नागपुरात स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष, त्याचे असंख्य गट, मग हत्ती घेऊन आलेली बसपा, 2018 ची वंचित. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबर मात्र ढळत नाहीत. चैत्यभूमीहून परतताना पोराच्या हातात पुस्तकं असतात, पक्षाचं पत्रक असलंच तर त्यात दुमडलेलं. गट फुटला म्हणून या घरात भूकंप होत नाही आणि मत त्या वेळच्या हिशोबानं पडतं. याला बाहेरचे लोक ‘निष्ठा नाही’ म्हणतात. निष्ठा आहे, फक्त ती मतपत्रिकेवर छापलेली नाही.

सीमाभागात बेळगावला 1 नोव्हेंबरचा काळा दिन आणि 17 जानेवारीचा हुतात्मा दिन यांच्यावर महाराष्ट्र एकीकरण समितीची घरं वाढली. काळ्या दिनाच्या सायकल फेरीत बापाच्या पुढच्या दांडीवर बसून गेलेली पोरं आज आजोबा आहेत. 2018 आणि 2023 या दोन्ही विधानसभांत समितीला एकही जागा मिळाली नाही. फेरीला मात्र नातवंडं अजून जातात. म्हणजे फेरीचा वारसा उतरला, मताचा नाही.

आता बायकांकडं येतो, जिथं हे सगळं गणित फसतं. यादीत लग्नानंतर नाव सरकतं: 8 नंबरचा फॉर्म, वडलांच्या जागी नवऱ्याचं नाव, नवा घर क्रमांक. कार्यकर्ते ती सून सासरच्या खुणेत धरून मोकळे होतात. पण तिच्या माहेरी पंचवीस वर्षं दुसऱ्या निशाणीचे बिल्ले होते. सासरी ती बहुधा बोलत नाही आणि मुलांशी मात्र बोलते. जेवायला वाढताना, गृहपाठ घेताना, माहेरच्या गोष्टी सांगताना. ज्या घरात आई आणि बाप दोघं एकाच बाजूचे असतात तिथं निष्ठा घट्ट बसते, आणि जिथं आईचं माहेर तिकडचं असतं तिथली मुलं काठावरची निघतात, हे घराघरांतून फिरणाऱ्या कुठल्याही जुन्या कार्यकर्त्याला विचारा. ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये थेट तिच्या नावच्या खात्यात यायला लागले. त्यानं कुठल्या निवडणुकीत किती मतं फिरली यावर वाद घालत बसण्यापेक्षा मला एक साधी गोष्ट मोठी वाटते. घराला धरून केलेल्या खुणांच्या वहीत पहिल्यांदाच बायकांची वेगळी यादी निघाली.

तर पक्ष फुटले तेव्हा काय झालं? जून 2022 मध्ये शिवसेना, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी. निवडणूक आयोगानं 17 फेब्रुवारी 2023 ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, 6 फेब्रुवारी 2024 ला राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला. उद्धव ठाकरेंकडं मशाल आली, शरद पवारांकडं तुतारी वाजवणारा माणूस. एका घरात बाप म्हणतो साहेब, मुलगा म्हणतो घड्याळ, चुलता म्हणतो आमच्या आमदारानं गावचा रस्ता केलाय तो जिकडं तिकडं आपण. तिघंही निष्ठावंत आहेत आणि तिघंही एकमेकांना गद्दार म्हणतात. बापाला माणूस मिळाला होता, मुलाला निशाणी, चुलत्याला बाजू. वीस-पंचवीस वर्षं एकाच बटणावर बोट ठेवत होते म्हणून कळलं नव्हतं.

बारामतीनं हे आकड्यांत दाखवलं. मे 2024 मधल्या मतदानात लोकसभेला सुप्रिया सुळे 1,58,333 मतांनी निवडून आल्या, आणि खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रातही त्यांना 48 हजारांच्या आसपास आघाडी होती. सहाच महिन्यांनी त्याच क्षेत्रात अजित पवार पुतण्याविरुद्ध एक लाखाहून जास्त मतांनी जिंकले. “लोकसभेला ताई, विधानसभेला दादा” ही ओळ तेव्हा तिथं सर्रास ऐकू येत होती. ज्या घरांना माणूस वारशात मिळाला होता आणि माणसंच दोन झाली, त्यांनी वाटणी करून घेतली. भावकीत जमिनीची करतात तशी.

निशाणीच्या वारशाला घाईत घडवता येत नाही, हे त्याच लोकसभेला साताऱ्यात दिसलं. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ मतदारांपर्यंत पोचायला अडीच महिनेच मिळाले होते. आणि अपक्षांच्या यादीतल्या पिपाणीच्या चिन्हाचं मराठी नाव छापलं होतं ‘तुतारी’. साताऱ्यात त्या चिन्हाच्या अपक्षाला 37,062 मतं पडली, पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले. ही सगळी मतं चुकूनच गेली असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण अपक्षाला एरवी पडतात त्याच्या कितीतरी पट ती आहेत. घड्याळ असतं तर हा घोटाळा झाला नसता. घड्याळ 1999 पासून घराच्या भिंतीवर होतं, तुतारी फक्त भाषणात.

इथं एक शंका काढायलाच हवी. बाप आणि मुलगा एकाच पक्षाचे दिसले म्हणजे ते संस्कारानंच झालं असं नाही. दोघांचा ऊस एकाच कारखान्याला जातो, जात एक, वॉर्ड एक, पाण्याची पाळी एक. घरानं काहीच शिकवलं नसतं तरी दोघं कदाचित तिथंच पोचले असते. घराचा वाटा वेगळा काढायचा तर परिस्थिती बदललेली माणसं पाहावी लागतात: पुण्यात नोकरीला गेलेला धाकटा भाऊ, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली बहीण, शेती विकून शहरात आलेलं चुलत घर. ऊस गेला, चिठ्ठी गेली, तरी निशाणी राहिली असेल तर ते घराचं. निशाणीही गेली असेल तर ती कारखान्याची होती.

आपल्या घराचा माग काढायचा असेल तर तो एका दुपारी बराचसा निघतो. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला “कुठला पक्ष?” असं विचारू नका, सभेतलं उत्तर मिळेल. “पहिल्यांदा कशावर शिक्का मारला?” असं विचारा. बैलजोडी म्हणाले तर ते 1969 च्या फुटीच्या आधीचं, गाय-वासरू म्हणाले तर सत्तरचं दशक, हात म्हणाले तर 1978 नंतरचं. वर्ष आठवत नसेल तर बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, आणीबाणी, किल्लारीचा भूकंप, असे टेकू द्या. आजीला एकटी असताना विचारा, आजोबा शेजारी असतील तर तेच बोलतील. माहेरी कुठलं चिन्ह होतं हे तिला आवर्जून विचारा. मग ज्या निवडणुकीत घर बदललं ती वर्षं शोधा आणि त्या सुमाराला गावात, कारखान्यात, भावकीत काय घडलं ते बघा. बहुतेक वेळा तिथं भाषण सापडत नाही, एखादी वाटणी, एखादा अडलेला दाखला किंवा न आलेली तोड सापडते. शेवटी आपल्या मतदान केंद्राचे आकडे पाहा. ते राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ‘फॉर्म 20’ मध्ये केंद्रनिहाय असतात. केंद्राचा क्रमांक दोन निवडणुकांत बदलू शकतो, म्हणून क्रमांकावर न जाता शाळेचं नाव आणि खोली जुळवा. टपाली मतं त्यात केंद्रवार येत नाहीत, आणि हजार मतांच्या आकड्यातून एका घराचं मत काढता येत नाही. आजी सांगते त्या वर्षी वारं खरंच फिरलं होतं का, एवढंच त्यावरून ताडता येतं.

प्रत्येक उत्तरासमोर तारीख घाला. पुढची निवडणूक झाल्यावर हेच प्रश्न विचारले तर “आम्ही पहिल्यापासून तिकडंच” या वाक्यातलं ‘तिकडं’ बदललेलं असतं.